पर्थेस रोगात पर्फ्युजन एमआरआय: आठ वर्षांच्या एका मुलाचे प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका मुलाचे आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून कुटुंबाविषयीचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्या आणि निर्णय यांची मांडणी मात्र ते जसे घडले तशीच ठेवली आहे. मुलावर उपचार करणाऱ्या चमूत मी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या तंत्रापेक्षा चित्रतपासणीचा भाग येथे अधिक विस्ताराने आला आहे.

पार्श्वभूमी

मुलाचे वय त्या वेळी आठ वर्षे चार महिने होते. पावसाळा सुरू होत असताना तो डाव्या पायाने किंचित लंगडू लागला. पडल्याचे किंवा मार लागल्याचे कोणाला आठवत नव्हते, आणि दुखते कुठे असे विचारले की तो गुडघ्यावर हात ठेवत असे. गावातील डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो निर्दोष होता, म्हणून वेदनाशामक औषध देऊन विश्रांती सांगितली गेली. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकाच मज्जातंतूच्या शाखा जात असल्यामुळे खुब्याचा आजार मुलांमध्ये गुडघेदुखीच्या रूपाने पुढे येतो, आणि या आजारात निदानाला होणाऱ्या उशिराचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोन महिने असेच गेले. गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या मामाने लंगडणे वाढलेले पाहिले आणि मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले.

तेथे दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला गेला. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा उजव्याच्या तुलनेत थोडा लहान आणि अधिक पांढरा दिसत होता, सांध्यातील फट रुंदावली होती, आणि पाय बेडकासारखे बाहेर वळवून घेतलेल्या चित्रात गोळ्याच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ उमटली होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी योग्य शंका घेऊन एमआरआय करायला सांगितला. तो जवळच्या केंद्रात, कॉन्ट्रास्ट इंजेक्शन न देता झाला. अहवालात ‘गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित, एव्हीएन, दुसरा टप्पा’ असे लिहिले होते (एव्हीएन म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रक्ताविना हाड मरणे), आणि हा टप्पा प्रौढांच्या आजारासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणातील होता.

मुलाला झालेल्या या आजाराचे, म्हणजे पर्थेस रोगाचे, वर्णन १९१० च्या सुमारास अमेरिकेतील लेग, फ्रान्समधील काल्व्हे आणि जर्मनीतील पर्थेस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. त्याआधी अशा मुलांना बहुधा खुब्याचा क्षयच ठरवला जात असे. एक्स-रे हाती आल्यावरच हे दोन आजार वेगळे करता आले. वाढत्या वयात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतले हाड मरते, पुढे त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात (हा विखंडनाचा टप्पा) आणि दोन ते चार वर्षांत नवे हाड येऊन गोळा पुन्हा भरतो. प्रौढांच्या खुब्याचे मेलेले हाड बहुतेक वेळा असे भरून येत नाही, मुलांचे येते. मूल बरे होईल का, हा प्रश्न त्यामुळे येथे फारसा उरतच नाही. भरून येताना गोळा गोल राहील की चपटा होईल, एवढाच प्रश्न असतो, आणि पन्नाशीत त्या माणसाला सांधेबदल लागेल की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

हा फरक कोणी न सांगितल्यामुळे आईवडिलांनी एव्हीएन हे नाव मोबाईलवर शोधले आणि त्यांच्यासमोर प्रौढांच्या कृत्रिम सांध्यांची चित्रे आली. शहरातील आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, ह्याचो खुबो बदलूचो लागतलो काय?” या वयात सांधेबदलाचा विचारही कोणी करत नाही, हे बाल-अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला तपासणीला हात घालण्याआधीच सांगितले.

तपासणीत डावा पाय बाहेरच्या बाजूला जेमतेम २० अंश उघडत होता, उजवा ४५ अंश. डाव्या पायावर एकट्याने उभे केले की कंबर विरुद्ध बाजूला कलत होती. वजन २४ किलो, ताप नाही, दाह दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या मर्यादेत, छातीचा एक्स-रे स्वच्छ. सिकलसेल आजारातही गोळ्याचे हाड असेच मरते. विदर्भ आणि नंदुरबारच्या मुलांमध्ये तर या शक्यतेचा विचार सर्वांत आधी करावा लागतो, पण कोकणातील मूल म्हणून आम्ही ती तपासणी वगळली नाही. ती नकारात्मक आली. थायरॉइडही सामान्य होते. दोन्ही खुबे एकाच वेळी आणि सारखेच बिघडलेले असते तर हाडांच्या वाढीच्या जन्मजात विकारांचा विचार करावा लागला असता. येथे उजवा खुबा पूर्ण निरोगी होता.

अडचण

पर्थेस रोगात शस्त्रक्रिया मेलेल्या हाडासाठी केली जात नाही. मऊ पडलेला गोळा कमरेच्या हाडातील वाटीच्या आत नीट बसवून ठेवायचा, म्हणजे नवे हाड भरताना वाटीच त्याला साच्यासारखा आकार देते, असे त्यामागचे तत्त्व आहे. याला ‘कंटेनमेंट’ म्हणतात. हे काम गोळा चपटा होण्याआधी करावे लागते. मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१० मुलांच्या एक्स-रेंचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि विखंडनाच्या उत्तरार्धाआधी कंटेनमेंट झाले पाहिजे, हा त्यांच्या कामातून पुढे आलेला मुद्दा आज भारतात मोठ्या प्रमाणावर मानला जातो. हे काम कर्नाटकच्या किनारपट्टीवर झाले, यालाही अर्थ आहे. त्या पट्ट्यात, विशेषतः उडुपीच्या परिसरात, हा आजार अधिक आढळतो, आणि भारतातील मुलांमध्ये तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा थोड्या मोठ्या वयात सुरू होताना दिसला आहे. वय जितके मोठे तितका आकार सुधारायला उरलेला वाढीचा काळ कमी.

दुसऱ्या बाजूला, आजार किती गंभीर आहे हे ठरवण्याची सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत म्हणजे हेरिंग यांचे ‘लॅटरल पिलर’ वर्गीकरण. गोळ्याच्या बाहेरच्या खांबाची उंची किती शिल्लक आहे यावर अ, ब, ब-क आणि क असे गट पाडले जातात; अ सर्वांत सौम्य, क सर्वांत गंभीर. परंतु हे वर्गीकरण विखंडन निम्म्यावर आल्याशिवाय लावता येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात खांब उभाच दिसतो, मग पुढे तो टिकणार असो की ढासळणार असो. म्हणजे एक्स-रे स्पष्ट उत्तर देऊ लागतो तेव्हा उपचाराचा उत्तम काळ सरत आलेला असतो.

या मुलाचा एक्स-रे अजून सुरुवातीच्या टप्प्यात होता. हातात असलेला पहिला एमआरआय या प्रश्नाला उपयोगी नव्हता, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रक्तपुरवठा तुटल्यानंतरही हाडाच्या मज्जेतील चरबी काही काळ तशीच राहते आणि साध्या चित्रात जिवंत मज्जेसारखीच चमकते. उलट काही ठिकाणी सूज किंवा नव्याने शिरणाऱ्या ऊतींमुळे संकेत बदलतो, पण तेथे रक्त पोहोचलेले असते. साधा एमआरआय आजार आहे एवढे लवकर सांगतो. गोळ्याचा कोणता भाग रक्ताविना आहे आणि कोणता पुन्हा जिवंत होत आहे, हे त्यातून खात्रीने सांगता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा होता. कुबड्या, व्यायाम, दर दोन ते तीन महिन्यांनी एक्स-रे, आणि लॅटरल पिलर वाचता येऊ लागला की निर्णय. सहा वर्षांखालील मुलासाठी हाच मार्ग आम्ही निवडला असता, कारण त्या वयात बहुतेक खुबे फार हस्तक्षेपाशिवाय चांगले भरून येतात. येथे वय आठच्या पुढे होते आणि पाय उघडण्याची क्षमता आधीच निम्म्याहून कमी झाली होती.

दुसरा पर्याय लगेच शस्त्रक्रियेचा होता, आणि तो चुकीचा म्हणता आला नसता. हेरिंग यांच्या चमूने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात, आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या ब आणि ब-क गटातील मुलांचे खुबे शस्त्रक्रियेने अधिक चांगले राहिलेले दिसले. मात्र क गटातील मुलांचा निकाल शस्त्रक्रिया करूनही फारसा सुधारला नव्हता, आणि अ गटातील मुलांना तिची गरजच नसते. केवळ वयावर निर्णय घेतला तर ज्यांचा बाहेरचा भाग मुळातच शाबूत आहे अशा काही मुलांवर हाड कापण्याची शस्त्रक्रिया विनाकारण होते.

तिसरा पर्याय पर्फ्युजन एमआरआयचा, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य देऊन गोळ्याच्या कोणत्या भागात रक्त पोहोचते हे पाहण्याचा. डल्लासच्या टेक्सास स्कॉटिश राइट रुग्णालयातील हॅरी किम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्राथमिक स्वरूपाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या टप्प्यात गोळ्याच्या बाहेरच्या तृतीयांशात किती रक्त पोहोचते, याचा पुढे दिसणाऱ्या लॅटरल पिलरच्या स्थितीशी संबंध असल्याचे त्यात दिसले. रुग्णसंख्या मोजकी होती आणि हे मोजमाप अजून सर्वत्र रुळलेले नाही, ही मर्यादा आम्ही पालकांना सांगितली. मृत भागाला छिद्रे पाडणे किंवा हाड झिजणे रोखणारी औषधे देणे या गोष्टींचीही चर्चा झाली, पण त्या अजून संशोधनाच्या कक्षेत असल्यामुळे अभ्यासाबाहेर एका मुलावर करायच्या नाहीत यावर चमूत एकमत होते.

तिसऱ्या पर्यायाची किंमत खरी होती. दुसरा स्कॅन, दुसरा खर्च, शहरातील आणखी मुक्काम, आणि शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे कॉन्ट्रास्ट द्रव्य. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या मुलाला त्याचा तत्काळ धोका फार कमी असतो, तरी या धातूचे सूक्ष्म अंश शरीरात उरतात हे गेल्या दशकात स्पष्ट झाले आहे, आणि युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये लिनिअर प्रकारच्या बहुतेक संयुगांचा शिरेतून होणारा वापर थांबवण्याची शिफारस केली. म्हणून धातू अधिक घट्ट धरून ठेवणाऱ्या मॅक्रोसायक्लिक प्रकारचेच इंजेक्शन द्यायचे आणि एकदाच द्यायचे, असे ठरले.

स्कॅनआधीचा निर्णय

या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते स्कॅनच्या आदल्या दिवशी झाली. बाल-अस्थिरोगतज्ज्ञ, मी आणि मुलाचे आईवडील एकत्र बसलो, आणि कोणते उत्तर आले तर काय करायचे हे चित्र पाहण्याआधीच केसपेपरवर लिहून ठेवले. बाहेरच्या तृतीयांशात बहुतांश रक्तपुरवठा दिसला तर शस्त्रक्रिया नाही. कुबड्या, व्यायाम आणि जवळून देखरेख. तो भाग बहुतांश काळा, म्हणजे रक्ताविना, आला तर काही आठवड्यांत कंटेनमेंट. मधले उत्तर आले तर वय आणि गोळा वाटीबाहेर किती सरकला आहे यावरून ठरवायचे, म्हणजे व्यवहारात शस्त्रक्रियेकडेच झुकायचे.

असे लिहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. शस्त्रचिकित्सकाचा कल आधीपासूनच शस्त्रक्रियेकडे होता; स्कॅनच्या तीन संभाव्य उत्तरांपैकी एकच त्यांचा मार्ग बदलणार होते. मग स्कॅन करावा का? वडिलांनी हा प्रश्न स्पष्टपणे विचारला आणि तो रास्त होता. त्या एका उत्तराने मुलाची हाड कापण्याची शस्त्रक्रिया टळणार होती, आणि ते उत्तर येण्याची शक्यता नगण्य नव्हती, म्हणून आम्ही करावा असे म्हटले. कोणतेही उत्तर आले तरी पुढचे पाऊल तेच राहणार असते, तर मी मुलाला इंजेक्शन देण्याच्या विरोधात मत दिले असते. पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘पर्फ्युजन करा’ अशी मागणी येते तेव्हा मी हाच विचार करतो आणि बहुधा नको म्हणतो.

स्कॅन कसा केला

भूल टाळता आली. आठ वर्षांचे मूल नीट तयारी केली तर अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहू शकते. आदल्या दिवशी मुलाला यंत्र दाखवले, आवाज ऐकवला, अंगावर धातूची एकही वस्तू नाही याची तपासणी करून वडिलांना आत त्याच्या पायाशी बसू दिले. सलाइनची सुई वॉर्डातच लावून ठेवली, कारण मध्येच सुई टोचली तर मूल हलते आणि या तपासणीत हलणे सर्वांत घातक असते.

आधी दोन्ही खुबे एकाच चित्रात येतील अशी साधी चित्रे घेतली. मग डाव्या खुब्यावर केंद्रित, पातळ कापांची, चरबीचा संकेत दाबलेली टी-१ चित्रे घेतली. त्यानंतर प्रति किलो ०.१ मिलिमोल या प्रमाणात गॅडोब्युट्रॉल हे मॅक्रोसायक्लिक द्रव्य, म्हणजे या मुलासाठी २.४ मिलिलिटर, आणि पाठोपाठ सलाइन. इंजेक्शननंतर त्याच मापाची, त्याच जागेची चित्रे पहिल्या दोन-तीन मिनिटांतच घेतली. हा वेळ पाळावा लागतो, कारण उशीर झाला की कॉन्ट्रास्ट आजूबाजूच्या जिवंत ऊतींमधून झिरपत मृत भागातही शिरतो आणि मेलेले हाड जिवंत भासू लागते. शेवटी संगणकावर नंतरच्या चित्रातून आधीचे चित्र वजा केले. जे उरते ते फक्त रक्तासोबत पोहोचलेले द्रव्य. मूल मध्ये काही मिलिमीटर जरी सरकले तरी ही वजाबाकी फसवी ठरते, म्हणून दोन्ही संचांतील हाडाच्या कडा जुळतात का हे आम्ही आधी तपासले.

पाय दोन्ही सरळ, तटस्थ स्थितीत ठेवले होते. पाय जोराने बाहेर फाकवला तर गोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर दाब येऊ शकतो आणि रक्तपुरवठा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. एक्स-रे विभागातील सवयीने तंत्रज्ञ पाय वळवून ठेवतात, तेव्हा ही सूचना तोंडी सांगून भागत नाही. मी स्वतः उभा होतो.

इंजेक्शनच्या आधी एक डिफ्युजन क्रमही घेतला. ग्रोथ प्लेटच्या (हाडाची वाढ जिथून होते त्या कूर्चेच्या थराच्या) खालच्या हाडात पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढलेली दिसली तर पुढचा मार्ग अवघड असतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे, आणि या क्रमाला कॉन्ट्रास्ट लागत नाही.

चित्रांनी काय सांगितले

निरोगी उजवा गोळा सर्वत्र एकसारखा उजळला. डावा बहुतांश काळा राहिला. रक्त पोहोचलेला भाग मागच्या कडेला आणि आतल्या बाजूला अरुंद पट्ट्याच्या रूपात होता; बाहेरच्या तृतीयांशात सुमारे एक पंचमांश भागच उजळला होता. कडेकडून मध्याकडे सरकणारे पुनरुज्जीवन बाहेरच्या टोकाशी नुकतेच सुरू झाल्याच्या खुणा होत्या, पण गोळ्याचा भार पेलणारा पुढचा आणि वरचा भाग पूर्ण निर्जीव होता.

याशिवाय तीन गोष्टी दिसल्या आणि त्या निर्णयासाठी पर्फ्युजनइतक्याच कामाच्या ठरल्या. सांध्याचे अस्तर सुजून उजळत होते आणि आत पाणी साचले होते, म्हणजे पाय न उघडण्यामागे स्नायूंच्या आखडण्याबरोबर दाहही होता. गोळ्यावरील कूर्चा बाहेरच्या बाजूला जाड झाली होती आणि तिची कडा वाटीच्या ओठाला वर ढकलत होती. एक्स-रेत न दिसणारा हा भाग आधीच वाटीबाहेर येऊ लागला होता. आणि दिलासा देणारी गोष्ट अशी की, कूर्चेची बाह्यरेषा अजून गोल होती. ग्रोथ प्लेटमध्ये हाडाचा पूल तयार झालेला नव्हता. डिफ्युजनचा संकेत ग्रोथ प्लेटखाली पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात वाढलेला होता.

अहवाल लिहिताना मी प्रौढांचे टप्पे वापरले नाहीत. आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे, बाहेरचा खांब टिकण्याची शक्यता कमी आहे, आकार अजून वाचवता येण्यासारखा आहे, असे तीन निष्कर्ष सर्वांत वर, साध्या वाक्यांत लिहिले. टक्केवारी खाली ठेवली, आणि ती हाताने आखलेल्या सीमेवर अवलंबून असल्याची नोंद केली.

केलेली कृती

आदल्या दिवशी लिहिलेले दुसरे उत्तर आले होते, त्यामुळे चर्चा लांबली नाही. तरी आखडलेल्या खुब्यावर थेट हाड कापणे योग्य नव्हते, कारण पाय उघडत नसेल तर गोळा वाटीत जातच नाही. म्हणून आधी दाह कमी करणारे औषध, पूर्ण विश्रांती आणि चालताना डाव्या पायावर भार नाही. मग भुलेखाली मांडीच्या आतल्या बाजूचा आखडलेला स्नायुबंध सैल केला आणि सांध्यात द्रव्य सोडून एक्स-रेखाली हालचाल पाहिली. पाय उघडताना गोळा वाटीच्या कडेवर बिजागरीसारखा अडकत नव्हता, तो आत सरकत होता. तसे अडकत असते तर पुढचा सगळा बेत बदलावा लागला असता. दोन्ही पाय फाकवून मध्ये दांडी असलेले प्लास्टर सहा आठवडे ठेवले.

त्यानंतर मांडीच्या हाडाची व्हेरस ऑस्टिओटॉमी झाली. हाड गोळ्याखाली कापून, कोन थोडा कमी करून, गोळा वाटीकडे वळवला आणि धातूची पट्टी बसवली. या शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा तुलनेने वर येऊन पुढे लंगडेपणा उरू शकतो, म्हणून त्याची वाढ रोखण्याची छोटी शस्त्रक्रियाही त्याच वेळी केली.

येथे एक निर्णय चित्रतपासणीशी थेट संबंधित होता. पट्टी स्टीलची बसवली तर तिच्या आसपासची एमआरआय चित्रे विकृत होतात आणि पुढे पर्फ्युजन पुन्हा मोजता येत नाही. टायटॅनियममध्ये हा त्रास कमी असतो, पण खर्च जास्त. शस्त्रचिकित्सकांनी मला विचारले की पुढे स्कॅन लागणार आहे का. पुनरुज्जीवनाचा वेग मुलागणिक पुष्कळ वेगळा असतो आणि तो पाहायला मला आवडले असते, परंतु त्या माहितीने या मुलाच्या उपचारात काही बदलणार नव्हते. मी नाही म्हटले, आणि स्टीलची पट्टी बसवली गेली.

स्कॅनचा एक परिणाम शस्त्रक्रियेनंतरही टिकला. भार पेलणारा भाग पूर्ण निर्जीव असल्याचे दिसले असल्यामुळे, हाड जुळल्यावर लगेच चालू न देता, बाहेरच्या खांबात नवे हाड दिसेपर्यंत डाव्या पायावर भार टाकायचा नाही असे ठरले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इतके महिने चालू न देणे ही घराची परीक्षा असते. आईने काळ्या चित्राची प्रत शाळेत नेऊन मुख्याध्यापकांना दाखवली. वर्ग तळमजल्यावर आणला गेला आणि चाकाच्या खुर्चीसाठी पायरीवर लाकडी उतार बसवला. काही दिसत नसलेल्या दुखण्यासाठी मुलाला खुर्चीत का बसवायचे, हे समजावताना त्या चित्राचा आईला फार उपयोग झाला.

निष्पत्ती

शस्त्रक्रियेनंतर साधारण पाच महिन्यांनी एक्स-रेत विखंडन पूर्णपणे दिसू लागले. बाहेरच्या खांबाची उंची निम्म्याच्या आसपास राहिली, म्हणजे ब-क गट. स्कॅनवरून मी क गटाची भीती धरली होती. प्रत्यक्षात खांब त्यापेक्षा थोडा बरा टिकला. हे कंटेनमेंटमुळे झाले, भार टाळल्यामुळे झाले, की माझा अंदाजच जास्त निराशावादी होता, हे एका मुलावरून सांगता येत नाही. दोन अभ्यासकांनी तोच एक्स-रे स्वतंत्रपणे वाचला, तेव्हा एकाने ब आणि दुसऱ्याने ब-क म्हटले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अडीच वर्षांनी गोळा जवळपास पूर्ण भरला आहे. तो निरोगी बाजूपेक्षा थोडा मोठा आणि वरून किंचित चपटा आहे, पण वाटीशी त्याचा आकार जुळतो. पाय ४० अंशांपर्यंत उघडतो. डावा पाय सुमारे एक सेंटिमीटर आखूड आहे, दमल्यावर थोडे लंगडणे दिसते, वेदना नाहीत. पट्टी काढली आहे. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. सांध्याचे अंतिम वर्गीकरण हाडांची वाढ थांबल्यावरच करता येते, त्यामुळे या प्रकरणाला ‘यशस्वी’ म्हणण्याची वेळ अजून काही वर्षे दूर आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा काळ गुडघ्याच्या एक्स-रेनंतरच्या दोन महिन्यांत गेला. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या लंगड्या मुलाला पाठीवर झोपवून खुबा आत वळवून पाहायला अर्धे मिनिट लागते आणि यंत्र लागत नाही. आमच्या प्रगत चित्रतपासणीने जे आठवडे वाचवले असतील, त्याहून अधिक आठवडे त्या अर्ध्या मिनिटाने वाचले असते.

दुसरी गोष्ट पहिल्या एमआरआयची. निदान एक्स-रेत पुरेसे स्पष्ट होते. तो स्कॅन करायचाच होता तर पर्फ्युजनसह करता आला असता, आणि कुटुंबाचा एक खर्च व एक प्रवास वाचला असता. मात्र हा दोष केंद्रावर टाकून प्रश्न सुटत नाही. मागणीपत्रावर ‘एमआरआय हिप’ एवढेच लिहिलेले असेल तर तंत्रज्ञ नेहमीचे क्रम करणार आणि अहवाल लिहिणारा नेहमीचे वर्गीकरण वापरणार. मुलाचे वय, लक्षणे सुरू झाल्याचा काळ, एक्स-रेतील टप्पा आणि उत्तरावर कोणता निर्णय अवलंबून आहे, हे चारही मागणीपत्रावर असते तर कॉन्ट्रास्टची गरज आधीच लक्षात आली असती. आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आता या चार बाबी विचारतो आणि त्या मिळाल्याशिवाय लहान मुलाच्या खुब्याच्या स्कॅनची वेळ देत नाही.

तिसरा प्रश्न मोकळा आहे. गॅडोलिनियमशिवाय हेच उत्तर मिळवता आले असते का? रक्तातील पाण्यालाच चुंबकीय खूण करून प्रवाह मोजणाऱ्या पद्धती आणि डिफ्युजन यांवर काम चालू आहे. या मुलाच्या डिफ्युजन चित्रांनी पर्फ्युजनच्या दिशेनेच बोट दाखवले होते, पण केवळ त्यांच्या आधारे हाड कापण्याचा सल्ला देण्याचे धाडस मी केले नसते. तो क्रम घ्यायला पाच मिनिटे लागतात आणि त्याने मुलाला काही इजा होत नाही, म्हणून पर्थेसच्या प्रत्येक मुलात आम्ही तो घेतो, त्याचे आकडे जपतो, आणि विखंडनाच्या टप्प्यातील एक्स-रे आला की शेजारी ठेवून पाहतो.